वर्षावास संपला की विहाराला कुलूप का?

आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता होते. खीरदान होते, ग्रंथवाचन करणाऱ्या उपासकाचा सत्कार होतो, ग्रुपवर फोटो पडतात. पुढच्या रविवारी विहारात किती जण असतात, हे मुरबाड-शहापूरच्या गावांत फिरणाऱ्या कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको.

हा प्रश्न आजच मांडण्याला कारण आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये बोधगयेत भिक्खूंनी उपोषण सुरू केले. १९४९ चा कायदा रद्द करा आणि महाबोधी महाविहाराचे व्यवस्थापन बौद्धांच्या हाती द्या, ही मागणी महाराष्ट्रातही गावोगाव पोहोचली. समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी, ही रचना अन्यायाची आहे यात शंका नाही. निवेदने देताना, मोर्चे काढताना आपले तरुण पुढे होते. तेच तरुण गावच्या विहारात क्वचित दिसतात. त्यांची श्रद्धा कमी आहे म्हणून नव्हे. मोर्चाला तारीख असते, आयोजक असतो, गाडी ठरलेली असते. रविवारच्या वंदनेला फक्त चावीवाला असतो.

या चावीवाल्याकडे नीट पाहू. बौद्धाचार्याचे प्रशिक्षण घेतलेला, पन्नाशी ओलांडलेला हा माणूस झाडू मारतो, मेणबत्त्या आणतो, फोन करतो, ग्रंथ वाचतो. लग्न, नामकरण, पुण्यानुमोदनही त्याच्याच गळ्यात. तो मुलाकडे बदलापूरला गेला की वंदना बंद. म्हसा परिसरात वस्त्या लहान आणि विखुरलेल्या. मुरबाड तालुक्यात अजून रेल्वे नाही, कल्याण-बदलापूरला कामाला जाणारा तरुण एसटीच्या वेळेला बांधलेला. एमआयडीसीत पाळी असेल तर रविवारही त्याचा नसतो. वर्षावास सुरू होतो तो ऐन आवणीत. दिवसभर चिखलात वाकलेल्या बाया रात्री स्वयंपाक आवरून वाचनाला येतात, आणि खरे सांगायचे तर बहुतेक ठिकाणी वर्षावास त्यांच्यामुळेच पार पडतो. सत्काराच्या यादीत मात्र त्यांची नावे शेवटी.

माणसे जमत नाहीत, ही तक्रार नवी नाही. विनयपिटकातल्या महावग्गात उपोसथाची हकीकत आहे. इतर पंथांचे लोक ठरावीक तिथींना जमतात, तसे भिक्खूंनीही जमावे, असे बिंबिसार राजाने सुचवले आणि तथागतांनी ते मान्य केले. पुढचे नियम आपल्या कामाचे आहेत. चार भिक्खू असतील तर पातिमोक्ख म्हणायचे. दोघे-तिघे असतील तर एकमेकांना आपली परिशुद्धी सांगायची. एकटाच असेल तर त्याने जागा झाडावी, पाणी भरून ठेवावे, आसन मांडावे, दिवा लावावा आणि वाट पाहावी. कोणी आलेच नाही तर मनाशी निश्चय करून उपोसथ पाळावा. उपोसथ संख्येवर अडत नव्हता. आणि झाडू कोणी मारायचा? थेरांनी नव्या भिक्खूला सांगायचे. आपल्याकडे नेमके उलटे आहे: झाडू ज्येष्ठांच्या हाती आणि तरुण स्टेजवर.

कसारा घाट चढून गेले की इगतपुरी. १९७६ पासून तिथे धम्मगिरी चालते. विपश्यनेच्या या परंपरेत जातीच्या प्रश्नावर पुरेसे बोलले जात नाही, हा आंबेडकरी चळवळीचा आक्षेप आम्हालाही पटतो. तिची व्यवस्था मात्र पाहण्यासारखी आहे. दान फक्त शिबिर केलेल्याकडून घेतात, धम्मसेवकाला मानधन नाही, आणि घरी परतलेल्या साधकांनी आठवड्यातून एकदा तासभर एकत्र बसावे असा आग्रह आहे. त्या बैठकीला ना प्रमुख पाहुणा लागतो, ना साऊंड.

आमची सूचना साधी आहे. म्हशाच्या आसपासच्या चार-पाच वस्त्यांनी मिळून एक साखळी करावी. दर रविवारी एका वस्तीत बैठक, चावी दोन घरांत, त्यातले एक घर उपासिकेचे. घरवार पाळी लावावी आणि पाळी असलेल्या घरातल्या तरुणाने झाडू मारावा. वंदना, वीस मिनिटे आनापान, मग ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ची दोन पाने आणि त्यावर एक प्रश्न. तासाभरात माणसे मोकळी. आठ खंडांचा हा ग्रंथ तीन महिन्यांत संपवायचा म्हणून आपण तो पळवतो. ऐकणाऱ्याला थांबून विचारायला जागाच राहत नाही. तो काही वर्षे चालू द्या. पाळीत काम करणाऱ्यांसाठी पौर्णिमेची रात्र ठेवावी. वर्षावासाच्या शेवटी भिक्खू पवारणा करतात, म्हणजे माझे काही चुकले असेल तर सांगा, अशी संघाला विनंती करतात. साखळीनेही वर्षातून एकदा ते करावे. विहार समित्यांतले अर्धे रुसवेफुगवे तिथेच मिटतील. फोटो नकोत, फोटोसाठी येणारा फोटो संपला की जातो.

सुरुवात कार्तिकात व्हायला हवी, भातकापणी आटोपली की. पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते, बैलबाजारामुळे रस्ते तुंबतात. त्या रात्रीची बैठक आडरस्त्याच्या कुठल्या वस्तीत घ्यायची, हे पहिल्याच रविवारी ठरवून टाकावे.