रायफलच्या दस्त्यातला छोटा कप्पा: हौस की गरज?

अमेरिकेत एआर-१५ रायफल घेतली की अनेकांची खरी खरेदी त्यानंतर सुरू होते. खांद्याला टेकवायचा दस्ता आणि हाताची मूठ, दोन्ही बदलता येतात. मॅगपुलसारख्या कंपन्यांच्या काही मुठींत बॅटरी किंवा तेलाची छोटी बाटली ठेवायला कप्पाही असतो.

वरवर ही हौस वाटते. पण या रायफलचे लष्करी रूप असलेली एम१६ व्हिएतनाममध्ये पोहोचली, तेव्हा ‘हिला फारशी साफसफाई लागत नाही’ असा समज होता. अनेक सैनिकांकडे सफाईचे साहित्यच नव्हते. त्यात काडतुसातली दारू बदललेली. ऐन चकमकीत रायफली अडकल्या, सैनिक जिवाला मुकले आणि १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीला चौकशी करावी लागली. पुढे एम१६च्या दस्त्यात सफाई किटसाठी कप्पा आला. गंमत म्हणजे आधीच्या एम१४मध्ये आणि समोरच्या एके-४७च्या लाकडी दस्त्यातही तो होताच!

आजचे हौशी खरेदीदार मात्र आधी रंगरूप बघतात. बघायला हवे ते माप. एआर-१५चा सरकता दस्ता ज्या नळीवर बसतो, तिचे दोन व्यास प्रचलित आहेत. फरक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, पण चुकीचा दस्ता एक तर बसत नाही, नाहीतर खडखडतो. लांबी जुळली नाही तर नेम धरतानाही अवघडते. हे जमल्यावर कप्प्यात तेल आणि साइटची जादा बॅटरी ठेवली की पुरे. टॉर्च, दुपायी, आणखी एक मूठ असे लटकवत गेले, तर हलकी म्हणून नावाजलेली ही रायफल हलकी राहत नाही.