फुकटचे गेम आणि पलंगाखालची पदवी

व्हिडिओ गेमवर आपल्या पुरवण्यांमध्ये लेख आला की आत काय असणार, हे मथळा वाचायच्या आधीच ठाऊक असतं. मुलं बिघडली, डोळे गेले, आईने काय करावं याच्या दहा सूचना. सूचना बरोबरच असतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण लिहिणाऱ्याने तो गेम कधी हातात घेतला होता का, असा प्रश्न मला दर वेळी पडतो. सिनेमा न बघता कुणी सिनेमाचं परीक्षण लिहीत नाही. पुस्तक न वाचता लिहिणारे असतात म्हणा, पण ते सोडा!

मी खेळते. वय सत्तेचाळीस, तालुक्याचं गाव, नवऱ्याचं खताचं दुकान, घरात सासूबाई आणि मुलगा पुण्याला इंजिनीअरिंगला. दुपारी दोन ते चार घर निजतं, तेव्हा माझा खेळ चालतो. ‘एवढी मोठी बाई आणि फोनवर गेम?’ हे मी शेजारणीकडून ऐकलंय, नणंदेकडूनही ऐकलंय. आमच्या ह्यांनी रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत क्रिकेटची मॅच बघितली तर तो विरंगुळा, मी अर्धा तास गोळ्या फोडल्या तर तो वेळेचा अपव्यय. असो. सांगायचं ते वेगळंच आहे. इतक्या वर्षांत बरेच गेम खेळून झाले, काही आवडले, काहींची चीड आली, आणि साडी घेताना आपण जसा नुसत्या पदरावर न भुलता आतलं कापड चाचपून बघतो, तसे गेमही चाचपून बघायला हवेत असं माझं मत झालंय.

सुरुवात आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या कँडी क्रशपासून. आमच्या भिशीतल्या बारा जणींपैकी सात जणींच्या फोनमध्ये तो आहे. २०१२ सालचा गेम, पण अजून हलायला तयार नाही. त्याचं एक मोठेपण मी मान्य करते. कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये मावेल असा दुसरा विरंगुळा कुणी काढलेला नाही. चाल करायची, मध्येच ठेवायचा, भाजी परतायची, पुन्हा उचलायचा. बाईच्या दिवसाचे कसे तुकडे पडलेले असतात, हे त्याला बरोबर कळलंय. आणि तिथेच तो आपल्याला धरतो! पाच जीव संपले की एकेका जीवासाठी अर्धा तास थांबा, नाहीतर पैसे टाका, नाहीतर मैत्रिणींकडे जीव मागा. सोप्या पायऱ्यांनंतर अशी एक पायरी येते की आठवडा जातो. मुख्य म्हणजे त्याला शेवट नाही. हजारो पायऱ्या झाल्या, नव्या येतच राहतात, धुण्याभांड्यासारख्या. काम संपलं, आता हात पुसून बसूया, असा क्षण ह्या गेममध्ये नाही. तो तर आपल्याला घरातही मिळत नाही, मग खेळातही मिळू नये? हा ‘फुकट’ गेम बनवणारी किंग ही कंपनी २०१६ मध्ये ५९० कोटी डॉलरला विकली गेली. फुकटचं दुकान एवढ्याला जात असेल, तर गल्ल्यात पैसे कुणीतरी टाकत असणारच.

लुडो किंगवर मात्र माझा राग नाही. आपल्या नवी मुंबईत बनलेला, २०१६चा. २०२० च्या टाळेबंदीत मी, माझ्या दोन बहिणी आणि आई, चौघी चार गावांत बसून रोज रात्री खेळायचो. जाहिराती फार, आणि सहा आपल्यालाच कसा पडत नाही असा संशय चौघींनाही येतो, पण गप्पांना बहाणा म्हणून तो झकास आहे. आईला गोटी मारली गेली की ती फोन ठेवून द्यायची. पटावर खेळतानाही ती हेच करायची.

आता पोरांचा गेम. पबजीवर सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली, २०२१ मध्ये तो बीजीएमआय ह्या नावाने आला, २०२२ मध्ये पुन्हा काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. परत येताना अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीनच तास अशी अट होती. पण फोन आईचा, नंबर आईचा, आणि ओटीपी कुणाच्या फोनवर येतो? आईच्याच! तर त्या अटीचं काय होत असेल ते तुम्हीच ठरवा.

मी हा गेम मुलाकडून शिकून घेतला. खोटं कशाला बोलू, गेम म्हणून तो चांगला बांधलेला आहे. शंभर जण विमानातून एका बेटावर उतरतात, मिळेल ते हत्यार शोधतात, सुरक्षित वर्तुळ लहान लहान होत जातं आणि शेवटी एकच माणूस किंवा एकच टोळी उरते. घरात ‘हो’ आणि ‘नाही’ याशिवाय न बोलणारी पोरं इथे एकमेकांना सांभाळून घेतात, औषध देतात, जखमी मित्राला उचलायला स्वतः उघड्यावर जातात. सासूबाई एकदा दारात उभ्या राहून म्हणाल्या, ‘एवढ्या मायेनं हा माझ्याशी कधी बोलला नाही.’ मारामारीमुळे पोरं मारकुटी होतात असं मला माझ्या घरात तरी दिसलं नाही.

मला खटकतं ते दुसरंच. माझी भाची हा गेम मुलाच्या नावाने खेळते आणि माइक बंद ठेवते. का, विचारलं तर म्हणाली, ‘मावशी, मुलीचा आवाज ऐकला की आधी शिव्या येतात, नाहीतर नंबर मागतात.’ अठरा वर्षांची पोरगी, नेम असा की भावाला हरवते, आणि सबंध खेळ मुकी होऊन खेळते. हत्यारांवर, रक्ताच्या रंगावर इतकी चर्चा झाली, ह्या बंद माइकवर कुणी बोललेलं मी वाचलं नाही.

आणि ते नशिबाचे खोके. पैसे भरा, खोका उघडा, आत भारी पोशाख निघेल किंवा फडतूस काहीतरी निघेल. जत्रेतली चक्री म्हणा ना! गेन्शिन इम्पॅक्ट नावाचा एक देखणा गेम आहे, २०२० चा. त्यातलं डोंगरदऱ्यांचं चित्र बघत बसावं असं. पण कुठलंही मोठं पात्र एका खेपेला मिळण्याची शक्यता फक्त ०.६ टक्के, आणि नव्वदाव्या खेपेपर्यंत एखादं मोठं पात्र हमखास. हमखास मिळणारं आपल्याला हवं तेच असेल, असंही नाही. बेल्जियमने २०१८ मध्येच पैसे घेऊन उघडायच्या अशा खोक्यांना जुगार ठरवलं. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, ते फार चांगलं झालं, रमीपायी गहाण पडलेली मंगळसूत्रं आपण पाहिली आहेत. पण त्या कायद्याचा रोख पैसे जिंकण्यावर आहे, पोशाखाच्या खोक्यांवर नाही. आमच्या गल्लीतल्या एका मुलाने आईच्या फोनवरून असे खोके उघडता उघडता दोन महिन्यांच्या गॅसचे पैसे घालवले. गेमचं नाव घेत नाही, कारण गुण बहुतेकांचा तोच. त्या माउलीला चार लोकांनी ‘मुलाकडे लक्ष नव्हतं का?’ असं विचारलं. बटण कुठे ठेवलंय, चुकून दाबलं जाईल असं का ठेवलंय, हे कुणी विचारलं नाही. अमेरिकेत विचारलं गेलं. फोर्टनाइट बनवणाऱ्या कंपनीने २०२२ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाशी ५२ कोटी डॉलरवर तडजोड केली. त्यातले साडेचोवीस कोटी, नको असलेली खरेदी करायला लावल्याबद्दल गिऱ्हाइकांना परत द्यायचे होते. म्हणजे दोष नेहमी आईचाच असतो असं नाही, निदान तिथे तरी!

ह्या सगळ्या फुकट गेमनंतर मी विकत घ्यायचे गेम खेळू लागले. एकदाच पैसे द्यायचे, मग तो मध्येमध्ये हात पसरत नाही. त्यातला एक गेम माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. नाव अनपॅकिंग, ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या कंपनीने २०२१ मध्ये काढलेला. आता फोनवरही मिळतो. करायचं काय, तर सामानाची खोकी उघडून वस्तू जागच्या जागी लावायच्या. बस्स! आमचे हे हसले, म्हणाले, ‘हे काम तू घरात फुकट करतेसच की.’

पण बघा हं. एकच मुलगी, १९९७ मध्ये तिची लहानपणची खोली, मग कॉलेजची, मग मैत्रिणींबरोबरची. दर वेळी तीच खोकी, त्यातल्या काही वस्तू जुन्या, काही नव्या. तिचा चेहरा दिसत नाही, ती एक शब्द बोलत नाही, तरी ती आपल्याला कळत जाते. २०१० मध्ये ती मित्राच्या घरी राहायला जाते. घर चकाचक, पण सगळीकडे त्याचंच सामान. त्याच्या वस्तू थोड्या सरकवून आपलं काहीबाही कोंबायचं. आणि मग खोक्यातून तिची पदवी निघते, चौकटीतली. भिंतीवर लावू म्हटलं तर जागा नाही. कपाटावर नाही. टेबलावर नाही. मी पंधरा मिनिटं ती चौकट घेऊन त्या घरभर फिरले. शेवटी ती बसली कुठे, तर पलंगाखाली!

मी फोन खाली ठेवला. माझी बी. कॉम.ची पदवी कुठे आहे, ते मला आठवेना. मग आठवलं. बैठकीच्या दिवाणात, गाद्यांच्या खाली, सासूबाईंच्या रुखवताच्या पितळी भांड्यांशेजारी.

दोन वर्षांनी ती मुलगी आईवडिलांकडे परत येते, आणि त्याच्याबरोबरचा फोटो समोर लावू गेलं तर गेम मानत नाही, कुठेतरी नजरेआडच ठेवावा लागतो. घटस्फोटाच्या दहा मालिकांनी जे सांगितलं नसेल ते एका खिळ्याने सांगितलं. ह्या गेमला २०२२ मध्ये ब्रिटनचा बाफ्टा मिळाला, कथेसाठीही आणि प्रेक्षकांच्या पसंतीचाही. उणीव काढायचीच तर एक आहे. वस्तू ‘चुकीच्या’ जागी ठेवली की ती लाल कडांनी चमकते. म्हणजे संसार माझा, पण टोस्टर कुठे ठेवायचा ते सांगणार दुसराच! त्या लाल रेघेत मला सासूबाईंचा आवाज ऐकू येतो. (त्या हे पान वाचत नाहीत, म्हणून लिहिते.)

बाकीचे गेम मुलगा दिवाळीत लॅपटॉप घेऊन आला तेव्हा खेळले. इट टेक्स टू हा २०२१ चा, दोघांनीच खेळायचा. भाचीला बसवलं शेजारी. घटस्फोटाच्या बेतात असलेले नवराबायको बाहुले होतात आणि परत माणूस होण्यासाठी त्यांना एकमेकांच्या मदतीने अडथळे पार करावे लागतात. खेळ म्हणून मजा अशी की आम्ही दोघी ओरडत होतो. पण त्यात एक बोलणारं पुस्तक आहे, संसार कसा टिकवावा हे सांगणारं, आणि ते मालिकेतल्या आत्याबाईंसारखं मध्ये मध्ये कडमडतं. एका ठिकाणी हे आईबाप लेकीच्या डोळ्यांत पाणी यावं म्हणून तिचा लाडका हत्ती ओढत नेऊन फेकतात. तो बिचारा विनवण्या करतोय आणि बटणं आपल्याला दाबायची! भाची म्हणाली, ‘मावशी, मी नाही दाबणार.’ पण न दाबून गेम पुढे जात नाही. शेवट गोड आहे, मला तो पटला नाही. दोन माणसांना एकत्र उड्या मारता आल्या म्हणजे संसार जुळला, असं कुठे असतं?

वेन्बा हा २०२३ चा, कॅनडात बनलेला. तमिळ बाई, नवऱ्याबरोबर परदेशी गेलेली, आईची रेसिपीची वही फाटलेली, पुसट झालेली, आणि त्यावरून पदार्थ जमवायचे. इडलीपात्राची ताटं एकावर एक कशी चढवायची हे कोडं म्हणून येतं, तेव्हा मी मुलाच्या हातून माउस काढून घेतला. पदार्थांचा चर्रर्र आवाज इतका खरा की भूक लागते. मुलगा कविन, त्याला मित्रांमध्ये ‘केविन’ व्हायचंय. पुढे मोठा झाल्यावर तो आईची तमिळ वही अडखळत वाचतो, तो भाग बघताना मला आमच्या गावातल्या, मुलं परदेशी असलेल्या सगळ्या घरांची आठवण झाली. तक्रार एवढीच, की दीड तासात संपतो, आणि त्या बाईला मुलाची वाट बघण्यापलीकडे फारसं काही दिलेलं नाही. ती शिकलेली बाई आहे, शिक्षिका होती.

पुण्यात बनलेल्या राजीकडून (२०२०) मला फार आशा होती. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेली सर्कशीतली मुलगी, दुर्गा आणि विष्णू तिच्याबद्दल आपसांत बोलतायत, राजस्थानी महाल, पहाडी चित्रांसारखे देखावे. डोळ्यांचं पारणं फिटतं. पण उडी मारताना कॅमेरा असा तिरका असतो की मी अठरा वेळा खड्ड्यात पडले, लढाया त्याच त्याच, आणि गोष्ट ऐन रंगात आल्यावर कापून टाकल्यासारखी थांबते. हिंदी आवाज यायला २०२२ ची सुधारित आवृत्ती यावी लागली. तरी भाचीने तो दोनदा खेळला. ‘हिचा चेहरा झाकलेला नाही आणि कपडेही धड आहेत,’ हे तिचं परीक्षण.

सध्या दुपारी फोनवर मॉन्युमेंट व्हॅलीचा दुसरा भाग चालू आहे, २०१७ चा. आई पुढे चालते, चिमुरडी मागे मागे, आणि उलटेसुलटे जिने फिरवून त्यांना वाट करून द्यायची. काल मी त्या पायरीला आले जिथे लेकीला एकटीलाच पुढे जायचं असतं. अजून फिरवलेलं नाही ते चाक.