‘सिबिल नको’ म्हणणाराच सगळ्यात महाग

‘सिबिल खराब आहे? नो टेन्शन! फक्त आधार-पॅन द्या, पाच मिनिटांत पैसे खात्यात.’ असे मेसेज तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मोबाइलवर येत असतील. ज्याचा मोबाइलचा किंवा गाडीचा एखादा हप्ता थकलाय आणि ज्याला बँकेने ‘नाही’ म्हटलंय, त्याला तर हा मेसेज देवासारखा वाटतो. दोस्तहो, नेमकं तिथंच थांबा. तुमचा स्कोअर न पाहता पैसे देणारा माणूस धर्मादाय करत नसतो. तुम्हाला दुसरीकडे कोणी उभं करत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं आणि त्याचीच तो किंमत लावतो.

साधा हिशेब करून पाहू. समजा, एखाद्या ॲपवरून ५,००० रुपये पंधरा दिवसांसाठी घेतले. ‘व्याज शून्य’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलंय. पण प्रोसेसिंग फी ७५० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १३५ रुपये आधीच कापले. हातात आले ४,११५ आणि परत करायचे ५,०००. म्हणजे पंधरा दिवसांचे ८८५ रुपये! वर्षाच्या हिशेबात हा दर पाचशे टक्क्यांच्या वर जातो.

आता सावकाराशी तुलना करा. कर्जापायी मोडलेली घरं वऱ्हाडाने फार पाहिलीत, म्हणून ‘सावकार’ हा शब्द आपल्याकडे शिवीसारखाच वापरतात. पण महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराला बिगर-शेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर सरकारने ठरवून दिलेला दर आहे वर्षाला १८ टक्के. त्या दराने ४,११५ रुपयांचं पंधरा दिवसांचं व्याज होतं जेमतेम ३० रुपये. मुद्दलापेक्षा जास्त व्याज घ्यायचं नाही, हा दामदुपटीचा जुना नियमही त्या कायद्यात आहे. बँका आणि वित्त कंपन्यांना मात्र तो कायदा लागू नाही. बिनपरवान्याच्या सावकाराचं तर बोलायलाच नको, त्याच्या दारात जाऊच नका.

क्रेडिट कार्डाचंही तेच. महिन्याला ३.५ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण वर्षाला ते ४२ टक्के होतात. २०,००० रुपये थकले, तर महिन्याचं व्याज ७०० आणि त्यावर जीएसटी १२६. ‘किमान रक्कम’ म्हणून हजार रुपये भरले, तर मुद्दल कमी झालं फक्त १७४ रुपयांनी! कार्डाच्या थकबाकीवर ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणं अनुचित आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटलं होतं. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल रद्द केला. त्यामुळे त्या मर्यादेचा आधार आता नाही. सावध आपणच राहायचं.

‘मले कुठं होम लोन घ्यायचंय?’ असं म्हणू नका. आपल्याकडची कितीतरी पोरं-पोरी बँकेच्या परीक्षांची तयारी करतात. बँक भरतीच्या जाहिरातीत क्रेडिट हिस्ट्री चांगली असावी, ही अट असते. स्टेट बँकेत अधिकारी म्हणून निवड झालेल्या एका उमेदवाराची नेमणूक जुन्या थकबाकीच्या नोंदींमुळे २०२१ मध्ये रद्द झाली. कर्ज फेडून टाकलंय, असं त्याचं म्हणणं होतं. तरीही मद्रास हायकोर्टाने जून २०२५ मध्ये बँकेचा निर्णय कायम ठेवला. परीक्षा पास झाल्यावर अशा कारणाने नोकरी हुकणं, याहून वाईट काय असेल?

मग बिघडलेला स्कोअर सुधारायचा कसा? आधी आपला रिपोर्ट पाहा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. स्वतः पाहिल्याने स्कोअर घटत नाही. त्यात चूक असेल तर ऑनलाइन तक्रार करा, तीही मोफत. ३० दिवसांत निपटारा झाला नाही, तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. म्हणून ‘सिबिल दुरुस्त करून देतो, तीन हजार लागतील’ म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका. खरी नोंद त्याला पुसता येत नाही आणि खोटी नोंद तुम्ही स्वतः दुरुस्त करून घेऊ शकता.

दुसरं, जे थकलंय ते आधी भरा. ‘थोडे देऊन सेटलमेंट करा’ हे गोड वाटतं, पण रिपोर्टवर ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो. जमेल तोवर पूर्ण भरा आणि नो ड्यूज सर्टिफिकेट घ्या.

तिसरं, कमाई सुरू झाली की बँकेत दहा-पंधरा हजारांची एफडी करून तिच्या तारणावर कार्ड मागा. अनेक बँका असं कार्ड देतात. पैसा आपलाच, त्यावर व्याजही आपल्यालाच. वार्षिक फी किती ते आधी विचारा. महिन्याला मोबाइल रिचार्ज नाहीतर पेट्रोल, एवढंच त्यावर घ्या, लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत राहा आणि पूर्ण बिल ऑटो-पेवर लावा. एफडीपुरते पैसे नसतील, तर कार्डाची घाईच करू नका. चालू हप्ते वेळेवर भरले तरी स्कोअर हळूहळू सुधारतो. एकाच वेळी चार ठिकाणी अर्ज केले, तर मात्र उलट परिणाम होतो.

आणि कर्ज घ्यावंच लागलं तर? मागे कोणती बँक किंवा नोंदणीकृत वित्त कंपनी आहे ते रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर तपासा. सगळे खर्च धरून वर्षाचा दर सांगणारं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ आधी मागा, ते देणं बंधनकारक आहे. कर्ज घेतल्यावर किमान एक दिवसाची माघारीची मुदत असते, त्यात दंड न भरता बाहेर पडता येतं. कॉन्टॅक्ट लिस्ट किंवा फोटो मागणारं ॲप लगेच काढून टाका. कोणी धमक्या देत असेल तर १९३० वर फोन करा, ‘सचेत’ पोर्टलवर तक्रार करा आणि घरी सांगा. लाज वाटून गप्प बसणाऱ्यालाच ही मंडळी जास्त छळतात.

स्कोअर बिघडायला एक-दोन चुकलेले हप्ते पुरतात, सुधारायला कित्येक महिने लागतात. हा वेळ कुठल्याही ॲपवर फी भरून विकत मिळत नाही. तेव्हा पुढचा ‘पाच मिनिटांत पैसे’वाला मेसेज आला की मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडा. हातात किती येणार आणि परत किती द्यायचे, एवढे दोनच आकडे मांडा. उत्तर समोर येईल.