‘आयुष्यभराचे तेल’ : आयुष्य नेमके कोणाचे?

२०१४च्या फेब्रुवारीत मारुती सुझुकीची सेलेरिओ बाजारात आली आणि क्लचचे पेडल नसलेली गाडी भारतातील मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. त्यानंतर दिल्ली-बेंगळुरूपासून जिल्ह्याच्या गावांपर्यंत अशा गाड्या पसरल्या. त्यांतील सुरुवातीच्या गाड्यांनी आता ६० हजार, ८० हजार, १ लाख किलोमीटरचा पल्ला ओलांडला आहे आणि अनेक गाड्या दुसऱ्या मालकाच्या दारात उभ्या आहेत. त्या मालकापुढे एक साधा दिसणारा प्रश्न येतो : गिअरबॉक्समधील तेल बदलावे का, आणि बदलायचे तर केव्हा?

या प्रश्नाला त्याला तीन उत्तरे मिळतात. गाडीची पुस्तिका अनेकदा सांगते की सामान्य वापरात हे तेल बदलण्याची गरज नाही. ते ‘आयुष्यभरासाठी’ भरलेले आहे. सर्व्हिस सेंटरमधील सल्लागार म्हणतो, आजच बदलून घ्या. कोपऱ्यावरचा अनुभवी मेकॅनिक बजावतो, जुन्या ऑटोमॅटिकला हात लावू नका, तेल बदलले की गिअरबॉक्स बसतो. तिन्ही उत्तरे ठामपणे दिली जातात आणि तिन्हींत एकच उणीव असते : कोणीही काहीही मोजलेले नसते. वास्तविक या प्रश्नाचे उत्तर मोजता येते. काही गाड्यांत ते मोजलेही जात असते. केवळ मालकाला सांगितले जात नाही.

आधी नावाचा घोळ दूर करायला हवा. ‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली भारतात चार वेगळी यंत्रे विकली जातात. सेलेरिओमधील एएमटी हा मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम तेवढे यंत्र करते. त्यात साधे गिअर ऑइल असते, आणि काही रचनांत ॲक्च्युएटरसाठी थोडे निराळे हायड्रॉलिक तेल. सीव्हीटीमध्ये पोलादी पट्टा दोन पुल्यांमध्ये दाबून धरलेला असतो. तिच्या तेलाला धातूची धातूवरील पकड टिकवायची असते. दुहेरी क्लचच्या डीसीटीत क्लच तेलात बुडालेले असतात किंवा कोरडे. चौथा प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा. त्याच्या तेलाला एटीएफ म्हणतात. एका यंत्राचे तेल दुसऱ्यात घालणे हे तेल न बदलण्यापेक्षा अधिक घातक ठरू शकते. म्हणून ‘केव्हा बदलू’ या प्रश्नाआधी ‘गाडीत कोणते यंत्र आहे’ हे पाहणे आवश्यक आहे. पुढील विवेचन मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरविषयी आहे. त्यातील उष्णतेचा भाग सीव्हीटी आणि ओल्या क्लचच्या डीसीटीलाही लागू पडतो.

एटीएफ हे केवळ वंगण नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ते इंजिनाची शक्ती पुढे नेते, व्हॉल्व्ह बॉडीतून दाब पोहोचवून गिअर बदलवते, दाते आणि बेअरिंग यांना वंगण पुरवते, उष्णता कूलरपर्यंत वाहून नेते. पाचवे काम सर्वांत नाजूक आहे : क्लचच्या चकत्यांमधील घर्षण नेमक्या मर्यादेत राखणे. चकत्या एकमेकींवर सरकण्याचा वेग वाढेल तसा घर्षण गुणांक किंचित वाढत गेला पाहिजे. हे नाते उलटले की चकत्या क्षणात धरतात आणि क्षणात सुटतात. सारंगीच्या तारेला गज असाच धरतो आणि सोडतो. तेथे त्यातून सूर निघतो, गाडीत मात्र मध्यम वेगाला खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर जाणवते. हे नाते टिकवण्यासाठी तेलात घर्षण नियंत्रित करणारी रसायने मिसळलेली असतात. १९७०च्या दशकाच्या आरंभापर्यंत अमेरिकेत त्यासाठी स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल वापरले जाई; त्यावर बंदी आल्यानंतर तेलउद्योगाला पर्याय शोधावे लागले.

ही रसायने वापराने संपत जातात. श्यानता, म्हणजे तेलाचा दाटपणा, टिकवणाऱ्या पॉलिमरच्या लांब साखळ्या दात्यांमध्ये चिरडून तुटतात. तेलाचे ऑक्सिडीभवन होऊन आम्ले आणि चिकट थर तयार होतात. या सर्वांत ऑक्सिडीभवनाचा वेग तापमानावर विलक्षण अवलंबून असतो, आणि ‘किती किलोमीटरला’ हा प्रश्न तेथेच अपुरा पडतो.

उष्णता येते कोठून, हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. गाडी चढावर उभी आहे, चालकाने ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबून ती जागीच धरून ठेवली आहे. चाके फिरत नसल्याने टॉर्क कन्व्हर्टरची कार्यक्षमता शून्य असते आणि इंजिनाने दिलेली सर्व शक्ती तेलात उष्णतेच्या रूपाने जिरते. समजा, ही शक्ती २० किलोवॅट आहे. ७ लिटर तेलाचे वस्तुमान सुमारे ६ किलो आणि विशिष्ट उष्णता प्रतिकिलो सुमारे २ किलोज्यूल धरली, तर ते १ अंशाने तापण्यास १२ किलोज्यूल लागतात. म्हणजे कूलर जमेस न धरता तेल दर सेकंदाला सुमारे १.७ अंशांनी तापेल. १० सेकंदांत १७ अंशांनी. वर्कशॉपच्या पुस्तिका स्टॉल टेस्ट साधारण ५ सेकंदांत आटोपण्यास सांगतात, त्याचे कारण हेच. पर्यटनाच्या हंगामात हिमाचलच्या घाटातील वाहतूक कोंडीत इतकी तीव्र नसली, तरी याच जातीची चाचणी तासभर चालू असते.

या उष्णतेचा परिणाम किती? रासायनिक क्रियेचा वेग तापमानाबरोबर कसा वाढतो, याचे सूत्र स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८९ साली मांडले. तेलासाठी त्याचे ढोबळ व्यवहारी रूप असे : दर १० अंशांना ऱ्हासाचा वेग दुप्पट. ८०–९० अंशांच्या आसपास हे सुमारे ७५ किलोज्यूल प्रतिमोल इतक्या सक्रियण ऊर्जेशी जुळते. आता दोन गाड्यांची कल्पना करावी. दोन्ही ६० हजार किलोमीटर धावल्या आहेत. पहिली महामार्गावर ताशी सरासरी ६० किलोमीटरने, तेल ८० अंशांवर. दुसरी बेंगळुरूच्या गर्दीत ताशी २० किलोमीटरने, तेल १०० अंशांवर. पहिलीचे तेल १००० तास तापले, दुसरीचे ३००० तास. २० अंशांच्या फरकामुळे दुसरीत ऱ्हासाचा वेग चौपट. तिप्पट वेळ आणि चौपट वेग मिळून दुसऱ्या गाडीचे तेल १२ पट म्हातारे झाले आहे. दोघींच्या ओडोमीटरवर आकडा मात्र एकच आहे.

हा फरक कंपन्यांना ठाऊक आहे. म्हणून पुस्तिकेत ‘सामान्य वापर’ आणि ‘खडतर वापर’ असे दोन वर्ग असतात आणि तेलबदलाविषयीच्या सूचना बहुधा दुसऱ्या वर्गाच्या बारीक अक्षरांत सापडतात. थांबत-चालत जाणारी वाहतूक, उष्ण हवामान, धूळ, डोंगराळ रस्ते, आखूड फेऱ्या : ही खडतर वापराची नेहमीची व्याख्या. भारतातील कोणत्याही मोठ्या शहराचे यापेक्षा नेमके वर्णन करणे अवघड आहे. ज्या देशात खडतर वापर हाच सामान्य वापर आहे, तेथे ‘सामान्य वापरात बदलण्याची गरज नाही’ या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही. झेडएफ या जर्मन गिअरबॉक्सनिर्मात्या कंपनीचे उदाहरण बोलके आहे : तिचे गिअरबॉक्स बसवलेल्या गाड्या ‘आयुष्यभराच्या तेला’सह विकल्या जात असताना तिचा स्वतःचा सेवाविभाग ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा ८ वर्षांनी तेल बदलण्याचा सल्ला देतो.

मग ‘जुन्या गिअरबॉक्सला हात लावू नका’ या अनुभवाचे काय? मेकॅनिक खोटे बोलत नसतो. तेल बदलल्यानंतर बसलेले गिअरबॉक्स त्याने खरोखर पाहिलेले असतात. चूक निष्कर्षात आहे, आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ती बारकाईने पाहण्यासारखी आहे. कल्पना करावी की १००० जुन्या गाड्यांपैकी १०० गाड्यांचे गिअरबॉक्स आधीच निकामी होत आलेले आहेत. झटके बसू लागल्याने त्या १०० मालकांपैकी ६० जण घाबरून तेल बदलतात. निरोगी ९०० पैकी केवळ ९० जण बदलतात. तेलाचा परिणाम चांगला वा वाईट काहीच नाही, असे मानू. तरीही तेल बदललेल्या १५० गाड्यांपैकी ६०, म्हणजे ४० टक्के बसतात. न बदललेल्या ८५० पैकी ४०, म्हणजे ४.७ टक्के. तेल बदलणे साडेआठ पट धोकादायक भासते, आणि हा सारा भास निवडीच्या दोषातून आलेला आहे. रुग्णालयात अधिक माणसे मरतात म्हणून रुग्णालय टाळावे, असे म्हणण्यासारखेच हे.

तथापि या समजुतीत तथ्याचा एक कण आहे आणि तो नाकारणे अप्रामाणिक ठरेल. वर्षानुवर्षे दुर्लक्षित गिअरबॉक्समध्ये यंत्राच्या दाबाने ‘फ्लश’ केल्यास साचलेला गाळ सुटून व्हॉल्व्ह बॉडीच्या अरुंद मार्गांत अडकू शकतो. चकत्या आधीच झिजलेल्या असतील, तर ताजे तेल त्या भरून काढत नाही. म्हणून अशा गाडीत सौम्य मार्ग बरा : खालचा नटबोल्ट काढून निघेल तेवढे तेल काढावे आणि तेवढेच नवे भरावे. टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये तेल अडकून राहत असल्याने एका वेळी समजा ४० टक्केच निघते. पहिल्या बदलानंतर ६० टक्के जुने तेल उरते, दुसऱ्यानंतर ३६, तिसऱ्यानंतर सुमारे २२ टक्के. मध्ये काही शे किलोमीटर गाडी चालवून तीन हप्त्यांत ७८ टक्के तेल नवे होते, आणि यंत्राला धक्का बसत नाही.

तेलाची पातळी तपासणे हेही तापमानाचेच काम आहे. आधुनिक गिअरबॉक्समध्ये बहुधा डिपस्टिक नसते; इंजिन चालू ठेवून तेल ठरावीक तापमानाला असताना, अनेक रचनांत ३५ ते ४५ अंशांदरम्यान, पातळी पाहायची असते. मे महिन्याच्या दुपारी नागपूर किंवा जयपूरला हवाच ४४ अंशांवर असते. तेथे हे काम सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर केले नाही, तर प्रसरण पावलेले तेल पातळी चुकीची दाखवते आणि गिअरबॉक्समध्ये तेल कमी राहते. ‘तेल बदलले आणि बिघडला’ अशा काही तक्रारींचे मूळ येथेही असू शकते.

आता निर्णयाचा हिशेब. समजा, तेलबदलाचा खर्च १० हजार रुपये आणि गिअरबॉक्सच्या दुरुस्तीचा दीड लाख. तेल बदलल्याने बिघाडाची शक्यता ६.७ टक्के गुणांहून अधिक घटत असेल, तर बदलणे फायद्याचे. गर्दीत आणि घाटात तापलेल्या ६० हजार किलोमीटरच्या गाडीबाबत तेवढी घट संभवनीय मानणे वाजवी आहे. महामार्गावर ३० हजार धावलेल्या गाडीबाबत नाही. म्हणून ‘कधीच नको’ जितके अशास्त्रीय, तितकेच दर २० हजारांना तेल बदलायला लावणेही. तेलाचा लालपणा गेला, एवढा पुरावाही पुरेसा नाही, कारण तो केवळ रंग आहे. जळका वास किंवा थरथर मात्र गांभीर्याने घ्यावी. अनावश्यक बदलाला आणखी एक किंमत आहे. वापरलेले तेल हे घातक कचऱ्यात मोडते. १ एप्रिल २०२४पासून त्याच्या पुनर्वापराची विस्तारित जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली आहे. गल्लीतील गटारात ओतलेले तेल त्या हिशेबात कधीच येत नाही.

या साऱ्या ‘समजा’ची गरज का पडावी? भारतीय रेल्वेच्या डिझेल लोको शेडमध्ये इंजिनाच्या तेलाचे नमुने नियमितपणे काढून त्यांतील लोखंड, तांबे, शिसे यांचे प्रमाण वर्णपटमापीने तपासले जाते. तेल केव्हा बदलायचे आणि इंजिन केव्हा उघडायचे, हे ठरवण्यास त्या आकड्यांचा आधार मिळतो. डेहराडूनची भारतीय पेट्रोलियम संस्था, फरिदाबादचे इंडियन ऑइलचे संशोधन केंद्र, पुण्याची एआरएआय आणि दिल्ली आयआयटीतील ट्रायबॉलॉजीचा विभाग यांच्याकडे याच प्रकारचे ज्ञान आहे. दहा शहरांतील काही शे गाड्यांच्या तेलाचे नमुने घेऊन, वापराच्या तासांसह, निष्कर्ष खुले करणे हा या संस्थांसाठी मोठा खर्चिक प्रकल्प ठरू नये.

त्याहून सोपी गोष्ट कंपन्यांच्या हाती आहे. गिअरबॉक्सचा संगणक तेलाचे तापमान सतत पाहत असतो. काही सीव्हीटींमध्ये तर या तापमानाच्या इतिहासावरून तेलाच्या ऱ्हासाचा आकडा साठवलेला असतो. वर्कशॉपच्या स्कॅनरला तो दिसतो. गाडीचे हप्ते फेडणाऱ्या मालकाला दिसत नाही. टायरमधील हवेचा दाब डॅशबोर्डवर दाखवता येतो, तर हा आकडाही दाखवता येईल.

तोपर्यंत ‘आयुष्यभर’ हा शब्द वापरणाऱ्यांनी त्याची व्याख्या छापावी : किती तास, कोणत्या तापमानाला, कोणत्या चाचणीनुसार. ते आयुष्य वॉरंटीपुरते, म्हणजे बहुधा पहिल्या मालकापुरतेच असेल, तर तेही स्पष्ट लिहावे. दुसरा मालक बहुतेकदा कमी ऐपतीचा असतो, आणि दीड लाखाचे बिल त्याच्याच हाती पडते.