गोंडीला बोली म्हणणारी मराठी

जुलै २०२५ मध्ये वरळीला मराठीचा विजयी मेळावा झाला. पहिलीपासून हिंदी आणणारा शासन निर्णय सरकारला मागे घ्यावा लागला होता. तो निर्णय चुकीचाच होता. लहान मुलाला आधी त्याच्या स्वतःच्या भाषेत शिकू द्या, या मुद्द्यावर आपल्यातले अनेक जण विरोधात उभे राहिले. पण हा मुद्दा फक्त मराठी मुलासाठी आहे का, हे त्या गर्दीत कोणी विचारलं नाही. गोंडीचा विषय काढला की आपले पदवीधर कार्यकर्तेसुद्धा म्हणतात, "गोंडी? ती बोली आहे ना, मराठीची?"

नाही. आणि ते का नाही हे समजायला थोडं लांब, युरोपात जाऊन येऊ.

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात गॅलिशियन बोलतात. मध्ययुगात ती आणि पोर्तुगीज एकच भाषा होती. स्पॅनिशसुद्धा तिची सख्खी बहीण. फ्रँकोच्या राजवटीत (१९३९ ते १९७५) शाळा आणि कचेरी स्पॅनिशची, गॅलिशियन शेतकऱ्यांची आणि कोळ्यांची. १९८१ मध्ये तिला तिच्या प्रदेशात अधिकृत दर्जा मिळाला. आजही तिथे वाद चालतो की ही स्वतंत्र भाषा की पोर्तुगीजचंच एक रूप. एकच उच्चार स्पॅनिश पद्धतीच्या अक्षराने लिहायचा की पोर्तुगीज पद्धतीच्या, यावरून लोक राजकीय बाजू ओळखतात!

हंगेरियनची गोष्ट वेगळी. तिच्याभोवती जर्मन, स्लोव्हाक, रुमानियन. या सगळ्या एका मोठ्या कुळातल्या, मराठीही त्याच कुळातली. हंगेरियन मात्र त्या कुळातलीच नाही. तिच्या जवळच्या नातेवाईक भाषा सैबेरियात आहेत, खांती आणि मान्सी. गंमत म्हणजे हंगेरीतल्या रोमा लोकांची मूळ भाषा आपल्या नात्यातली आहे. पाणी, नाक, कान, माणूस हे शब्द रोमानीत ऐकले तर लालबागच्या माणसालाही कळतील. याच रोमा मुलांसाठी हंगेरीत शायोकाझा गावी २००७ मध्ये बाबासाहेबांच्या नावाची शाळा सुरू झाली, हे आपल्यापैकी बरेच जण जाणतात.

आता महाराष्ट्रात परत या. मराठीच्या शेजारी मालवणी म्हणजे साधारण गॅलिशियनसारखा मामला. जवळचं नातं, आणि भाषा की बोली हा वाद खराखुरा. जनगणना मालवणीला कोकणीखाली मोजते, लालबागचा मालवणी माणूस स्वतःला मराठी म्हणवतो. दोघांनाही कारणं आहेत. गोंडी मात्र आपली हंगेरियन आहे. ती द्रविड कुळातली, तेलुगू-कन्नडची नातलग. मेळघाटातली कोरकू तर आणखी दूरची, मुंडा कुळातली, संथालीच्या गोतातली. गोंडीला मराठीची बोली म्हणणं म्हणजे हंगेरियनला जर्मनची बोली म्हणण्यासारखं आहे.

मग हंगेरियनला तसं कोणी का म्हणत नाही? कारण तिच्यामागे जमीनदार होते, संसद होती, पुढे राज्य आलं. गोंडीमागे आज यातलं काही नाही. २०११ च्या जनगणनेत संस्कृत मातृभाषा सांगणारे २४,८२१ आणि गोंडी सांगणारे २९ लाखांहून अधिक. आठव्या अनुसूचीत संस्कृत आहे, गोंडी नाही. हा हिशेब भाषाशास्त्राचा नाही, जातीचा आणि सत्तेचा आहे.

हंगेरियनच्या इतिहासात आपल्यासाठी त्याहून मोठा धडा आहे. तिथे राज्यकारभाराची भाषा शतकानुशतकं लॅटिन, वरून व्हिएन्नाच्या जर्मनचा दाब. लढून १८४४ मध्ये हंगेरियन राजभाषा झाली. १८६७ नंतर सत्ताही हाती आली. आणि १९०७ मध्ये त्याच हंगेरीने शिक्षणाचा कायदा केला: स्लोव्हाक, रुमानियन मुलांना चौथीपर्यंत हंगेरियन बोलता-लिहिता आलंच पाहिजे. कालचे दबलेले लोक आज दुसऱ्याच्या मुलाच्या तोंडातली भाषा तपासू लागले.

गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावात ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली. शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरवली, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं. संविधानाचं कलम ३५०-क सांगतं की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी. जे काम राज्याने करायचं ते गावाने केलं, तर नोटीस गावालाच. वरळीच्या मंचावर मोहगावचं नाव निघालं असतं तर मला तो मेळावा जास्त आपला वाटला असता.

बाबासाहेबांनी १९५५ मध्ये भाषिक राज्यांवर लिहिताना हाच धोका दाखवला होता. भाषेच्या नावाने राज्य उभं राहतं, पण त्यात एखादी संख्येने मोठी जात वरचढ होते आणि लहान समूह तिच्या दयेवर राहतात. 'मराठी माणूस' म्हटल्यावर त्यात नेमका कोण धरला जातो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून गिरणीत आलेल्या आपल्या आज्या-पणज्यांची भाषा परळ-नायगावच्या शाळांत 'अशुद्ध' ठरली. शुद्ध कोणती, तर गिरगाव आणि पुण्याच्या विशिष्ट घरांतली. 'वस्त्रहरण'ने मालवणीला रंगभूमीवर नेलं, प्रेक्षक पोट धरून हसले, पण क्रमिक पुस्तकात ती फारशी पोचली नाही. १९७२ मध्ये 'गोलपिठा' आला तेव्हा त्यातल्या शब्दांवर नाक मुरडणारे हेच शुद्धवाले होते. तो अपमान ज्यांनी पचवला, त्यांनी गोंड मुलाला "बोली" म्हणून गप्प करावं, हे मला पटत नाही.

कोणी म्हणेल, गोंडीत शिकून नोकरी कुठे मिळणार? हाच प्रश्न मराठी माध्यमाबद्दलही विचारला जातो, आणि तेव्हा आपण काय उत्तर देतो? पहिली पायरी घरच्या भाषेत, पुढे मराठी आणि इंग्रजी पक्की. मोहगावसाठीही तेच उत्तर.

येत्या जनगणनेत प्रगणक मातृभाषा विचारेल. गोंडी बोलणाऱ्याच्या नावापुढे सवयीने 'मराठी' लिहिलं जाऊ नये, यासाठी गडचिरोली-मेळघाटात काम करणाऱ्या साथींनी आत्तापासून गावोगाव बोलायला हवं. दहा हजारांहून कमी लोकांनी सांगितलेली भाषा जनगणनेच्या प्रसिद्ध यादीत येतच नाही. आणि लालबाग-परळच्या मालवणी घरांनीही त्या रकान्यात काय सांगायचं, याची चर्चा आपल्या विहारांत व्हायला हरकत नाही.