कावळ्याचे वेळापत्रक

घरकावळ्याचे वजन साधारण ३०० ग्रॅम. गच्चीवरून उडवायचे गिरेबाज कबुतर त्याच्याच तोडीचे, आणि शर्यतीचा होमर तर त्याहून भारी. कावळ्याच्या पायांना शिक्र्यासारख्या नख्या नाहीत, बहिरी ससाण्यासारखी उंचावरून झेप घेण्याची ताकद नाही. धडधाकट कबुतराला उडता उडता धरून खाली पाडणे त्याला सहसा जमत नाही, आणि तो त्या फंदात पडतही नाही. तरीही कबुतरे पाळणाऱ्यांच्या कट्ट्यावर नुकसानीचा विषय निघाला, की घार, शिक्रा, मांजर, घूस अशी सगळ्यांची हजेरी घेऊन झाल्यावर गाडी कावळ्यावर येते आणि तिथेच अडते.

शिक्रा कबुतर नेतो तेव्हा अख्खी गल्ली बघते. क्षणाचा मामला, चार पिसे हवेत, आणि मालकाच्या तोंडी दोन शिव्या. कावळ्याच्या चोरीला मात्र साक्षीदार नसतो. सकाळी खोक्यातल्या मातीच्या परळात दोन अंडी होती, दुपारी कवचाचा तुकडाही नाही. कोपऱ्यातल्या खोक्यात बारा दिवसांचे पिल्लू होते, संध्याकाळी त्याचे जे उरलेले असते ते सांगण्यासारखे नसते.

ही पाळीव कबुतरांची गोष्ट आहे. २०२५च्या पावसाळ्यात दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत जे रान उठले, त्यातली कबुतरे वेगळी. त्यांना दाणे टाकणारे पुष्कळ, मालक कुणीच नाही. कोल्हापूर, सांगली, मालेगाव, भिवंडी, मुंबईतल्या डोंगरी-नागपाड्याकडच्या गच्च्यांवर जी ढाबळ दिसते, तिच्यातल्या प्रत्येक पाखराचा आईबाप मालकाला तोंडपाठ असतो. पत्रा, फळ्या आणि जाळी ठोकून केलेली खोली, आत खोक्यांच्या ओळी, खोक्यात मातीचे परळ, बाहेर बांबूवर कबुतरांना उतरायला छत्री. उन्हाळ्यात कबुतरे उडवण्याच्या स्पर्धा लागतात. सकाळी सोडलेले कबुतर किती तास हवेत राहिले, यावर निकाल. हा शौक जुना आहे. अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त त्याला ‘इश्कबाजी’ म्हटले आहे आणि अकबराच्या पदरी वीस हजारांवर कबुतरे होती, त्यांतली ५०० ‘खासा’, असा हिशेब दिला आहे. असल्या शौकात कबुतर गेल्याचे दुःख असतेच. पण पिल्लू गेले की वाण जाते. होमरच्या पिल्लाच्या पायात नंबराची बंद कडी सहाव्या-सातव्या दिवशी चढवतात, कारण नंतर पंजा मोठा होतो आणि कडी जात नाही. म्हणजे डोळे जेमतेम उघडलेल्या त्या पिवळसर गोळ्याचे नाव वहीत तेव्हाच चढलेले असते.

कावळ्याला नेमके कधी फावते, हे कळायला कबुतराचा दिनक्रम पाहावा लागतो. मादी एका वेळी दोन अंडी घालते. पहिल्यानंतर दुसरे अंडे साधारण पावणेदोन दिवसांनी. मग सतरा-अठरा दिवस उबवणी, आणि त्यात नर-मादीची पाळी ठरलेली: सकाळी उशिरापासून दुपार कलेपर्यंत नर, बाकी सगळा वेळ, रात्रीसकट, मादी. पिल्ले बाहेर आली की दोघांच्याही गळ्यातल्या पिशवीत दुधासारखा घट्ट पदार्थ तयार होतो आणि पहिले काही दिवस पिल्ले त्याच्यावरच वाढतात. या काळात आई किंवा बाप अंगाखाली पिल्ले घेऊन बसलेलाच असतो. बसलेले कबुतर गरीब वाटते, पण पंखाचा फटका असा मारते की हात घालणारा माणूसही दचकतो. कावळा तिथे उगाच तोंड घालत नाही.

अडचण त्याच्या पुढे सुरू होते. दहा-बारा दिवसांची पिल्ले झाली, की आईबाप त्यांना दिवसा एकटे ठेवून दाण्यापाण्याला जाऊ लागतात. पिल्लू आता चांगले मांसल असते, पण अंगावर पिसांचे नुसते कोंब. उडता येत नाही, धड पळताही येत नाही. चार आठवड्यांचे होऊन खोक्याबाहेर पडेपर्यंतचे ते दोन-अडीच आठवडे म्हणजे कावळ्याची सुगी. एवढ्या वजनाचे पिल्लू उचलून नेणे त्याला झेपत नाही, म्हणून तो जागेवरच चोच चालवतो. अंडे गेले तर जोडी दहा-बारा दिवसांत पुन्हा अंडी घालते, मालकही फारसे मनाला लावून घेत नाही. पिल्लू गेले की महिन्याची मेहनत गेली.

आता कावळ्याच्या घरची बाजू. आपल्याकडे घरकावळा एप्रिल ते जूनमध्ये, पाऊस धरायच्या आधी, घरटे बांधतो. शहरात काटक्यांच्या जोडीला तारांचे तुकडेही त्यात बिनदिक्कत गुंफतो. चार-पाच अंडी, सोळा-सतरा दिवसांची उबवणी, आणि पुढे तीन ते चार आठवडे पिल्लांची न संपणारी भूक. त्यात कोकिळा आपली अंडी त्याच घरट्यात घालून ठेवते, ते वेगळेच. एरवी शिळा भात, फरसाण, मासळीची आतडी यांवर भागवणाऱ्या कावळ्याला या दिवसांत पिल्लांसाठी मऊ आणि पौष्टिक खाणे लागते: किडे, पाली, दुसऱ्यांची अंडी, दुसऱ्यांची पिल्ले. रानातल्या पाखरांचे विणीचे हंगाम ठरलेले असतात. ढाबळीतल्या कबुतराला बारा महिने ज्वारी, बाजरी, मका, हरभरा समोर मिळतो, म्हणून ते बारा महिने अंडी घालते. मे महिन्यात झाडावर कावळ्याची चार तोंडे उघडी आणि खाली गच्चीवर खोकीच्या खोकी भरलेली, असा हा योग आहे. मालक चिडतो तेव्हा त्याला कावळ्याची बदमाशी दिसते, पण दोन बाळंतघरे एकाच महिन्यात, एकमेकांसमोर भरली आहेत हे त्याच्या ध्यानात येत नाही.

कावळा उपाशी असला तरी उतावळा नसतो. तो आधी बघतो. दाणे कधी पडतात, जाळीचे दार कधी उघडते, मालक चहाला कधी खाली उतरतो, कबुतरांची टोळी हवेत गेली की ढाबळीत मागे कोण उरते, हे सगळे समोरच्या टाकीवर बसून टिपून घेतो. अमेरिकेत सिएटलला वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जॉन मार्झलफ यांनी २००६मध्ये एक प्रयोग सुरू केला. आदिमानवाचा मुखवटा घालून त्यांनी विद्यापीठाच्या आवारात काही कावळे पकडले आणि सोडून दिले. नंतर तो मुखवटा घालून कुणीही फिरले, की कावळे ओरडत अंगावर येत. पुढची कित्येक वर्षे हे चालले, आणि ओरडणाऱ्यांत असे कावळेही सामील झाले ज्यांना कुणी कधी पकडलेच नव्हते. ती जात आपल्या घरकावळ्याहून वेगळी. पण गलोलीचा एक दगड मारल्यावर आठवडाभर फक्त आपल्याच डोक्यावर टोच मारणारा कावळा ज्याने अनुभवला आहे, त्याला सिएटलच्या या बातमीत नवल वाटणार नाही.

माणसाच्या आसऱ्याला राहणारे कबुतर आणि त्याच्या आडून घरात शिरणारा कावळा, ही जोडी आपल्या जुन्या कथांतही आहे. पंचतंत्रात चित्रग्रीव कबुतरांचा थवा जाळे घेऊन उडतो, तेव्हा लघुपतनक कावळा कुतूहलाने मागोमाग जातो आणि पुढे उंदराशी मैत्री करतो. तिथे तो भला आहे. कपोत जातकातला कावळा मात्र ढाबळवाल्यांच्या ओळखीचा. वाराणसीत पाखरांना आसरा म्हणून लोक घरोघर टोपल्या टांगून ठेवत. एका श्रेष्ठीच्या स्वयंपाकघरातल्या अशा टोपलीत कबुतर राहत असे. आतल्या मासळीचा वास आलेला कावळा त्या कबुतराशी सलगी करतो, त्याच्यासोबत चरायला जातो, त्याच्यासोबत घरात येतो, आणि एके दिवशी पोटदुखीचे सोंग करून मागे राहतो. स्वयंपाकी त्याला पकडून पिसे उपटतो आणि आले, मीठ, जिरे घातलेले आंबट ताक त्याच्या अंगाला चोपडतो. कथेचा रोख लोभावर आहे, पण ती रचणाऱ्याने कावळा नीट पाहिला होता: तो रोज येतो, घराची रीत शिकतो, आणि माणूस बाहेर पडायची वाट बघतो.

उपायांमध्ये सगळ्यात जुना म्हणजे मेलेला कावळा ढाबळीवर उलटा टांगणे. त्याचा परिणाम होतो, यात शंका नाही. केली स्विफ्ट आणि मार्झलफ यांनी २०१५मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, हातात मेलेला कावळा घेतलेला माणूस दिसताच कावळे गोळा होऊन कालवा करत, त्या जागी नंतर खायला यायलाही कचरत, आणि तो चेहरा सहा आठवड्यांपर्यंत ओळखत. माणसाच्या हातात मेलेले कबुतर दिले, तर कावळ्यांची प्रतिक्रिया खूपच सौम्य असे. पण कावळ्याचे मढे कबुतरांच्या दाण्यापाण्यावर टांगणे हा भलता जुगार आहे. २०२१च्या सुरुवातीला राजस्थान आणि मध्य प्रदेशात बर्ड फ्लूची वर्दी मेलेल्या कावळ्यांनीच दिली होती, आणि जानेवारी २०२५मध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला कावळे पटापट मेले तेही याच रोगाने. कबुतराला हा रोग कोंबडीइतका सहज होत नसला, तरी मेलेला कावळा सापडला तर त्याला उघड्या हाताने शिवू नये आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. काळे फडके किंवा प्लॅस्टिकचा कावळा टांगला तर थोडे दिवस बरे जातात. मग जिवंत कावळा त्याच्याच शेजारी येऊन बसतो.

विषाचा विचार कुणाच्या मनात आला, तर तो तिथेच सोडावा. विष घातलेला दाणा कोण टिपेल याचा भरवसा नाही, पहिले गिऱ्हाईक मालकाचेच कबुतर असू शकते. शिवाय कायदाही बदलला आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात उंदीर, घुशी आणि फळे खाणाऱ्या वटवाघळांच्या सोबतीने घरकावळा ‘उपद्रवी’ म्हणून पाचव्या परिशिष्टात होता. २०२२च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच काढून टाकले, आणि १ एप्रिल २०२३पासून ही दुरुस्ती लागू आहे.

आपलाच हा कावळा परदेशात मात्र उघड शत्रू ठरला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो कचरा साफ करण्यासाठी म्हणून झांझिबारला नेला गेला आणि तिथून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पसरला. तिथल्या स्थानिक पाखरांची घरटी त्याने इतकी लुटली, की २०२४मध्ये केनियाच्या वन्यजीव खात्याने दहा लाख घरकावळे मारण्याचा बेत जाहीर केला. तिथे तो पाहुणा आहे. आपल्या गच्चीवर मात्र तो कबुतराइतकाच घरचा, आणि पितृपक्षात त्याला हाका मारून बोलावणारेही आपणच.

शिवाय ढाबळवाल्याला त्याची गरजही असते. आकाशात शिक्रा किंवा ससाणा दिसला, की पहिली बोंब कावळा ठोकतो. आवाजात फरक पडतो, आजूबाजूचे पाच-दहा कावळे उठतात आणि त्या शिकाऱ्याला हद्दीबाहेर घालवून येतात. हे ते आपल्या घरट्यासाठी करतात, कबुतरांवर उपकार म्हणून नव्हे. पण जाणता मालक तो कालवा ऐकून वर बघतो आणि टोळी सोडायची थांबवतो. सगळे कावळे हुसकून लावलेल्या गच्चीवर ही सूचना देणारे कुणी नाही.

तेव्हा उरतो तो बंदोबस्त. तो साधा आहे आणि म्हणूनच त्याचा कंटाळा केला जातो. जाळी एक इंची वेल्डमेशची हवी. घूस-उंदरांचाही त्रास असेल तर अर्ध्या इंचाची. पातळ कोंबडी जाळी वर्षभरात गंजते आणि कावळ्याला तिचा सुटलेला टाका मालकाआधी सापडतो. खोकी जाळीला चिकटवून ठेवू नयेत, नाहीतर पिल्लाचा पाय किंवा पंख जाळीतून बाहेर येतो आणि कावळा बाहेरूनच तो ओढतो. होमरवाले दारावर लोंबत्या तारांचा पडदा लावतात. कबुतर छातीने ढकलून आत येते, तारा मागे पडतात, आतून बाहेर जाता येत नाही. असा एकतर्फी रस्ता कावळ्याला बघूनच नकोसा होतो. आणि टोळी हवेत असताना, म्हणजे मालकाची मान वर असते तेव्हा, पिल्लांच्या खोक्यांचा कप्पा बंद हवा.

याहून स्वस्त उपाय पंचांगात आहे. दिवाळीनंतर जोड लावली, तर आठ-दहा दिवसांत अंडी, सतरा-अठरा दिवसांत पिल्ले, आणि पुढच्या महिन्याभरात ती स्वतः दाणे टिपू लागतात. होळीपर्यंत दोन फेऱ्या आरामात निघतात, आणि या सबंध काळात कावळ्याच्या घरट्यात खाणारे तोंड नसते. एप्रिलच्या सुरुवातीला नर-मादी वेगळे केले, की मे महिन्यात परळ रिकामे. स्पर्धेवाल्यांना उन्हाळ्यात पाखरे उडवायचीच असतात, त्यामुळे त्यांचे काही अडत नाही. अडचण शेजारच्यांची होईल. ढाबळीत काही मिळत नाही म्हणून कावळ्याची पिल्ले उपाशी राहत नाहीत, आणि पलीकडच्या बाल्कनीत त्याच महिन्यात कुंडीतल्या झुडपावर बुलबुलाने घरटे केलेले असते.