फारकत, खावटी आणि रक्तदाब

रक्तदाब का वाढतो असे विचारले की आम्ही डॉक्टर मंडळी मीठ, वजन, तंबाखू, आनुवंशिकता अशी ठरलेली यादी सांगतो. त्या यादीत कोर्टाची तारीख नसते. पण वडनेरसारख्या गावात वर्षानुवर्षे दवाखाना चालविणाऱ्याला ती यादीत घालावीच लागते. हिंगणघाटला किंवा वर्ध्याला तारीख असली की आदल्या दिवशी छातीत धडधड, डोके जड, पोटात आग अशा तक्रारी घेऊन माणसे येतात. त्यातही अलीकडे एक वेगळा गट माझ्या लक्षात आला आहे. नवरा-बायकोच्या फारकतीत ज्याची कमाई जास्त, तो. आज त्याच्याविषयी, आणि तिच्याविषयीही, लिहायचे आहे.

‘तिच्याविषयीही’ असे मुद्दाम म्हटले. पूर्वी जास्त कमावणारा म्हणजे नवराच, असे आपण गृहीत धरीत होतो. आता बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, दवाखान्यात परिचारिका किंवा बँकेत नोकरीला, आणि नवरा कपाशी-सोयाबीनच्या, म्हणजे पावसाच्या भरवशावर, अशी घरे आपल्या भागात कितीतरी आहेत. संसार सुखाचा असेल तोवर कोणाचा पैसा जास्त हे कोणी मोजत नाही. संसार मोडला की तोच हिशेब सगळ्यात आधी निघतो.

आधी प्रकृतीचे पाहू. १९६७ साली होम्स आणि राहे या दोन अमेरिकन डॉक्टरांनी आयुष्यातील घटनांचा मनावर किती ताण येतो याची एक गुणपट्टी तयार केली. जोडीदाराच्या मृत्यूला १०० गुण, आणि त्याच्या खालोखाल घटस्फोटाला ७३. हा ताण एका दिवसाचा नसतो. मन सतत धास्तावलेले असले की शरीरात ताणाची संप्रेरके वाढतात, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, मधुमेह्याची साखर हाताबाहेर जाते आणि झोप उडते. हे सर्वांना लागू आहे. मग जास्त कमावणाऱ्याचे वेगळे काय?

वेगळे हे की त्याची विचारपूस कोणी करीत नाही. ‘तुला काय कमी आहे? पगार तर चालू आहे,’ असे म्हणून नातेवाईक मोकळे होतात. कमावत्या बाईला तर ‘पगाराचा माज चढला म्हणून घर मोडले’ हेही ऐकावे लागते. त्यामुळे ही माणसे दुखणे अंगावर काढतात. माझ्यासमोर बसल्यावरही म्हणतात, ‘डॉक्टरसाहेब, बाकी काही नाही, फक्त झोपेची गोळी लिहून द्या.’ पट्टा बांधून पाहावा तर वरचा आकडा १६० च्या पुढे! पैसा असला की दुखणे दिसत नाही, एवढेच. ते असते.

आता कायद्याकडे वळतो. मी वकील नाही. पण या रुग्णांचे निम्मे दुखणे अर्धवट माहितीतून आलेले असते, म्हणून चार गोष्टी सांगणे भाग आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. तो बौद्ध, जैन आणि शीख समाजालाही लागू आहे. त्याच्या कलम २४ आणि २५ मध्ये पोटगी, म्हणजे आपल्याकडची खावटी, मागण्याचा हक्क पत्नीला आहे तसाच पतीलाही आहे. हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल.

नांदेडचे उदाहरण पाहा. १९९२ साली लग्न झालेल्या एका जोडप्याचा घटस्फोट २०१५ मध्ये पत्नीच्या अर्जावरून झाला. पत्नी शाळेत शिक्षिका. नंतर पतीने आपल्याला उत्पन्नाचे साधन नाही असे सांगून दरमहा १५,००० रुपयांची खावटी मागितली. त्याचे किराणा दुकान आहे, ऑटोरिक्षा आहे, असे पत्नीचे म्हणणे होते. नांदेडच्या न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये तिने पतीला दरमहा ३,००० रुपये अंतरिम खावटी द्यावी असा आदेश दिला. रक्कम थकली, तेव्हा डिसेंबर २०१९ मध्ये शाळेच्या मुख्याध्यापकांनाच आदेश गेला, की तिच्या पगारातून दरमहा ५,००० रुपये कापून न्यायालयात भरा. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने हे दोन्ही आदेश कायम केले. घटस्फोट झाल्यानंतरही खावटी मागता येते, असे न्यायमूर्ती भारती डांगरे यांनी स्पष्ट केले.

त्या दोघांत खरे कोण, हे ठरविण्याचा मला अधिकार नाही. आपली बाजू न्यायालयात मांडण्याचा हक्क तिला होताच. मला दिसते ते एवढेच, की लग्नाला ३० वर्षे आणि घटस्फोटाला ७ वर्षे होऊनही प्रकरण मिटलेले नव्हते आणि घरची गोष्ट शाळेच्या कचेरीत पोहोचली होती. त्या वर्षांत दोन्ही घरांतली झोप कशी असेल, याची कल्पना कोणताही डॉक्टर करू शकेल.

नवरा कमावता असतो तेथेही तेच. आपल्या नागपूरच्या कुटुंब न्यायालयाने २०१३ मध्ये एका पतीला पत्नीसाठी दरमहा १५,००० आणि मुलासाठी सुरुवातीला ५,००० रुपये देण्याचा आदेश दिला. ते प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ४ नोव्हेंबर २०२० रोजी निकाल लागला आणि थकबाकी भरावीच लागेल असे ठरले. त्याच निकालाने देशभरासाठी काही नियम घालून दिले. खावटीच्या प्रकरणात दोघांनीही आपले उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज शपथपत्रावर सांगायचे. खावटी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. म्हणजे जेवढा उशीर, तेवढी थकबाकी मोठी.

आता माझे मत सांगतो. जास्त कमावणाऱ्याने आकडा लवकर ठरवावा, खरा ठरवावा आणि महिन्याच्या महिन्याला भरावा. यात उदारपणा नाही, प्रकृतीचा हिशेब आहे. कारण याउलट वागणारे तीन प्रकारचे लोक मी पाहतो आणि तिघेही आजारी पडतात.

पहिला प्रकार लपविणाऱ्यांचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे समजून ते शेत भावाच्या नावावर करतात, ठेवी मोडतात, काही जण तर ‘तिला एक पैसा मिळू देणार नाही’ म्हणून नोकरी सोडण्याची भाषा करतात. मिळकत किती आहे याबरोबरच मिळवण्याची ताकद किती आहे हेही न्यायालय पाहते. शिवाय लपविलेल्या गोष्टीची पहारेदारी रात्रीही करावी लागते.

दुसरा प्रकार लढणाऱ्यांचा. ३,००० रुपये वाचविण्यासाठी ते त्याहून जास्त वकील, प्रवास आणि बुडालेल्या रजांवर घालवतात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील म्हणत. चढावी लागलीच तर उतरायचे केव्हा, हेही ठरवून चढावी.

तिसरा प्रकार याच्या अगदी उलट. ‘भीक नको पण कुत्रा आवर’ म्हणत तो समोर येईल त्या कागदावर सही करतो. घर दिले, प्लॉट दिला, कर्जाचे हप्ते मात्र आपल्याच अंगावर ठेवले. दोन वर्षांनी पगार पुरत नाही, तेव्हा हाच माणूस दारूच्या किंवा झोपेच्या गोळ्यांच्या आहारी गेलेला दिसतो. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात पतीच्या हाती येणाऱ्या पगाराच्या २५ टक्के रक्कम योग्य मानली होती. तो काही पक्का नियम नव्हे, पण अंदाजासाठी उपयोगी आहे. मुलांचा खर्च वेगळा धरावा. सही करण्याआधी तो कागद चार दिवस घरी ठेवावा आणि आपल्या वकिलाकडून वाचून घ्यावा.

येथे एक प्रश्न हमखास येतो. ‘तिने (किंवा त्याने) मला एवढे छळले, आणि वर पैसेही मीच द्यायचे?’ राग खोटा नाही. पण खावटी हे चांगुलपणाचे बक्षीस नाही आणि देणाऱ्याला दंडही नाही. जोडीदाराची वागणूकही न्यायालय विचारात घेते. तेव्हा छळाचा पुरावा असेल तर तो जरूर तेथे मांडावा. मारहाण होत असेल तर आकड्याची बोलणी नंतर, आधी जीव सांभाळावा. २००५ च्या कायद्याने स्त्रीला घरगुती हिंसाचारापासून संरक्षण दिले आहे, मग तिचा पगार कितीही असो. पगार मोठा म्हणून मार लागत नाही, असे नसते.

दोघांची संमती असेल तर कलम १३ ब चा मार्ग सर्वांत सोपा. एक वर्ष वेगळे राहिल्यावर एकत्र अर्ज करता येतो. त्यानंतरचा सहा महिन्यांचा थांबाही योग्य प्रकरणात न्यायालय माफ करू शकते, असे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. मात्र पंच बसवून स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलेल्या फारकतीवर विसंबू नये. तशी रूढी समाजात आहे हे सिद्ध करता आले नाही तर कायद्याने लग्न कायमच राहते आणि दुसरे लग्न करणारा गुन्ह्यात अडकतो. स्त्रियांना, पगार असला तरी, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

मुलांविषयी एकच सांगतो. कारण सापडत नाही अशी पोटदुखी, रात्री अंथरूण ओले होणे, शाळा नको म्हणणे, या तक्रारी अशा घरांतून येतात. पैशाचे बोलणे मुलांसमोर करू नये. ‘तुझी फी मी भरतो, तिला सांग’ असा निरोप मुलाच्या हाती तर कधीच देऊ नये.

गावानेही थोडे शिकावे. खावटी मागणाऱ्या पुरुषाला हसू नये आणि खावटी देणाऱ्या बाईची कीव करू नये. ज्याने घर, शेत, म्हातारी माणसे सांभाळली म्हणून दुसऱ्याला शिकता आले, नोकरी करता आली, त्याच्या कष्टाचीही काही किंमत आहे. ही गोष्ट बायकांच्या बाबतीत आपल्याला आता कुठे कळू लागली आहे. पुरुषांच्या बाबतीतही ती तितकीच खरी आहे.

शेवटी डॉक्टर म्हणून सूचना. तारखेच्या दिवशी रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी चुकवू नये आणि उपाशी निघू नये. झोपेची गोळी दुकानातून परस्पर आणू नये, दुसऱ्याची तर मुळीच घेऊ नये. दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, कामात लक्ष नाही, असे झाले तर तपासून घ्यावे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तेथे जाण्यात कमीपणा नाही. जगणे नको असा विचार मनात एकदा जरी आला, तरी दिवस उजाडण्याची वाट न पाहता घरातल्या माणसाला उठवावे आणि १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर बोलावे. खटल्याला पुढची तारीख मिळते, जिवाला मिळत नाही.